उंच मागे, बुटके पुढे

सोमवार, ४ मार्च

आज जेलीचे पेले पुसता पुसता शाळेचा तो लांबलचक व्हरांडा आठवला. कॉन्व्हेंटमध्ये पाहुणे यायचे त्या दिवशी जेलीचा ट्रे पाहुण्यांच्या खोलीत न्यायचं काम आम्हा दोघी बहिणींकडे असे. एक कडा ताईच्या हातात, दुसरी माझ्या. ताई उलटी चालायची, तोंड माझ्याकडे करून, आणि फरशी अशी घासलेली की मोज्यातले पाय आपोआप पुढे सरकायचे. जेली थरथरली की आम्हाला हसू यायचं आणि आम्ही हसलो की जेली आणखी थरथरायची. मागून सिस्टरचा आवाज यायचा, "मुलींनो, हसणं ट्रे खाली ठेवल्यावर."

ताईला म्हटलं, "आठवतं का गं?"

"लाल जेली," ती म्हणाली. "आणि त्यातला एक पेला तू वाटेत चाटलास."

"मी नाही, तू."

"मी उलटी चालत होते चिंगे. मला तिसरा हात होता का?"

साठी उलटली तरी मी तिची चिंगीच आहे.

ही वही आज मुद्दाम उघडली. मनात एक गोष्ट आहे आणि ती ताईला सांगता येत नाही. आजवर ताईला न सांगता येण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच, म्हणून कुठे लिहायची सवयही नाही.

हा मेजवान्यांच्या ऑर्डरींचा व्याप ताईने एकटीने उभा केला. तिच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात, एका मोठ्या पातेल्यावर. पुढे तिची मुलगी हॉटेलचं शिक्षण घेऊन आली आणि त्याचं 'केटरिंग' झालं. शाळेतली नोकरी संपल्यावर मीही वरच्या मजल्यावरून खाली उतरले आणि केक-बिस्किटांचा कोपरा धरला. मी, ताई आणि भाची, अशा तिघी. आज सकाळी ताई भाजी आणायला गेली तेव्हा भाचीने दार लोटून घेतलं.

"मावशी, आईला आता ओट्यापासून बाजूला करायला हवं."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. मागच्या महिन्यात वाढदिवसाच्या ऑर्डरचं कस्टर्ड ताईच्या डोळ्यांदेखत करपलं. ती शेजारीच उभी होती, हातात डाव होता. त्याआधी सुपात दोनदा मीठ पडलं. भाची म्हणाली, "मी एक स्वयंपाकी बघून ठेवलाय. पण मला तिला दुखवायचं नाही, आणि मला तिच्याबाबत नीट दिसतही नाही, मी मुलगी आहे. तू दिवसभर तिच्याबरोबर असतेस. डॉक्टरीणबाईंची ऑर्डर होऊ दे, मग तू सांग, ठेवायचं की घरी बसवायचं. तू म्हणशील तसं."

भलतं ओझं दिलं पोरीने.

शनिवार, ९ मार्च

डॉक्टरीणबाई कान-नाक-घशाच्या. त्यांच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं होताहेत, त्याचा समारंभ, तेवीस तारखेला, दुपारच्या चहापासून संध्याकाळपर्यंत. ही ऑर्डर ताईनेच आणली. "तुझी त्यांच्याशी ओळख कुठली?" म्हटलं, तर म्हणाली, "अशीच." ताईच्या तोंडी 'अशीच' हा शब्द मी प्रथमच ऐकला. एरवी भाजीवाल्याशी झालेली ओळखही ती त्याच्या आजोळापासून सांगते.

आज तिघी बेत ठरवायला बसलो. भाचीचं म्हणणं, लांब टेबल, त्यावर झाकणांची भांडी आणि ताटं धरून रांग, हे आता कुणाला नको असतं. हॉलभर वेगवेगळे कोपरे करायचे. माणसं फिरतील, हव्या त्या कोपऱ्यावर थांबतील, बोलतील, खातील.

मला वाटलं ताई नाक मुरडणार. "जेवण सुंदर दिसायला ते काय नवरी आहे?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पण ताईने पिशवीतून कागदच काढले. चित्रं काढून आणली होती बाईने, रंगीत खडूंनी.

"हा सुपाचा कोपरा. लाकडी घोडा शिडी, प्रत्येक पायरीवर कप. खाली गरम, वर गार. हा पावाचा. अख्खे पाव फळीवर, सुरी शेजारी, ज्याने त्याने कापायचा. लोणी तीन रंगांचं."

"तीन कशाला?" मी.

"दिसायला."

"चवीला काय काय?"

"ते तू ठरव," ती म्हणाली आणि पुढच्या कागदावर गेली. भाजलेल्या बटाट्यांचा कोपरा, वर काय घालायचं ते पाहुण्याच्या मर्जीवर. पॅनकेकचा कोपरा, समोर तव्यावर. आणि शेवटचा कागद गोडाचा. त्यावर एक उंच कपाट होतं, छोट्या छोट्या खणांचं, पूर्वी औषधांच्या दुकानात असायचं तसं. पाहुण्याने खण ओढायचा आणि आत काय निघेल ते घ्यायचं. कुणाला साखरेचं पांढरं फूल, कुणाला केकचा तुकडा, कुणाला चॉकलेट.

"दवाखान्याचा समारंभ, औषधाचं कपाट," ताई म्हणाली. "गोड औषध."

भाची बघतच राहिली. मीही. कल्पना खरंच झकास आहे, पण ही कल्पना ताईची कशी, हे मला उमगेना. हिला पूर्वी डावाच्या टोकाला जे लागेल तेच खरं वाटायचं. आता डाव माझ्या हातात आणि हिच्या हातात खडू. उतारवयात हौस फुटली म्हणायची.

गुरुवार, १४ मार्च

ताईने दोन वस्तू आणल्यात. एक वजनकाटा, मिठाची चिमूटसुद्धा मोजणारा. हातच ज्याचा तराजू होता त्या बाईला आता काटा लागतो. दुसरी वस्तू म्हणजे भिंतीवर लावायचं एक पांढरं डबडं, गॅस सुटला की किंचाळतं म्हणे. मी म्हटलं, "अगं, आपल्याला नाकं आहेत." ती म्हणाली, "असू दे, नाकांना तेवढाच आराम." मला हसू आलं, तिला आलं नाही.

दुपारी डॉक्टरीणबाई चव बघायला आल्या. सगळं मांडलं. ताई प्रत्येक वेळी म्हणे, "चिंगे, आधी तू घे. तुझी जीभ माझ्याहून तरुण." मी चाखायची, ती माझ्याकडे बघत बसायची, आणि मग डॉक्टरीणबाईंना सांगायची, "आंबटपणा थोडा कमी करू." किंवा, "हे जमलंय." एकदाही चुकली नाही. म्हणजे चव आहे तिला, फक्त आळस आलाय, मला वाटलं.

मी चहा टाकायला आत गेले, तर या दोघी खिडकीपाशी कुजबुजताना दिसल्या. डॉक्टरीणबाईंचा हात ताईच्या खांद्यावर होता. "सांगितलंत का घरी?" एवढं ऐकू आलं. ताईने मान हलवली, नाही अशी. मग दोघींनी भाचीकडे बघितलं. भाची बिचारी टेबलखुर्च्यांचा हिशोब करत होती.

आता लक्षात आलं. डॉक्टरीणबाईंच्या नात्यात कुणी मुलगा असणार. भाचीसाठी स्थळ. म्हणून ती 'अशीच' ओळख, म्हणून ही ऑर्डर, म्हणून कपाट-बिपाट, सगळा थाट.

माझ्यापासून लपवावं याचं जरा वाईट वाटलं. पण आनंदाची बातमी आहे, सांगेल तेव्हा सांगेल.

शुक्रवार, १५ मार्च

भाचीला म्हटलं, समारंभाला तो निळा ड्रेस घाल. ती म्हणाली, "मावशी, मी तिथे ट्रे उचलणार आहे." म्हटलं, ट्रे निळ्या ड्रेसमध्येही उचलता येतात. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू माझंच कस्टर्ड करपलंय.

मंगळवार, १९ मार्च

कपाट मिळालं. एका जुन्या औषधविक्रेत्याच्या तळघरात पडलं होतं. ताईने ते सुताराकडे दिलंय आणि रोज सकाळी त्याच्या डोक्यावर जाऊन बसते. आज घरी आली तर तिच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा असा भपकारा की माझे डोळे झोंबले.

"अगं, सुताराला रंगवलंस की कपाटाला? जा, कपडे बदल आधी."

"येतोय का वास?" ती म्हणाली. मान खाली घालून आत गेली, आणि आंघोळच करून आली.

कपाट परस्पर हॉलवर जाणार. म्हणते, घासूनपुसून, तेल लावून, आरशासारखं करून घेतलंय. "बघशील तेव्हा बघशील."

शुक्रवार, २२ मार्च

दिवसभर भट्टी. अंड्याच्या पांढऱ्याची आणि साखरेची फुलं मंद आचेवर वाळवली, लहान केक, लिंबाचं कस्टर्ड, चॉकलेटच्या वड्या. ताईने फुलांना आकार दिला. पिशवीचं टोक नुसतं टेकवते, मनगट फिरवते आणि फूल उमलतं. मी तीस फुलं केली असती तर तीस वेगवेगळ्या जातींची झाली असती.

मग दूध उतू गेलं. ताई दोन हातांवर होती, पाठ शेगडीकडे. दूध जळलं, धूर झाला, मी अंगणातून धावत आले आणि ती तिथेच, शांतपणे फुलं काढतेय. मी ओरडले तेव्हा वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू, कळत नाही. शाळेत गृहपाठ घरी विसरलेल्या मुलीचा असतो तसा चेहरा.

भाची दारात उभी होती. तिने पुढे होऊन शेगडी बंद केली.

उद्या संध्याकाळी मला उत्तर द्यायचंय. खरं लिहायचं तर माझं मन 'बसवूया'कडे झुकलंय. माझीच बहीण, तिचंच घर, तिचंच पातेलं, आणि मी लिहितेय बसवूया. पण एखाद्या दिवशी भाजून घेईल ती. मला तिचं काय होतंय ते कळत नाही आणि ती सांगत नाही.

शनिवार, २३ मार्च, संध्याकाळ

पाय टबात आहेत, वही मांडीवर. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

ताई सकाळच्या गाडीने हॉलवर गेली, मी केक घेऊन दुसऱ्या गाडीने. पोचले तर हॉलच्या मधोमध कपाट. खरंच आरसा. पितळी कड्या लखलखत होत्या, ताई शेजारी उभी, नव्या बाळाची आई असते तशी. निम्मे खण तिने भरूनही टाकले होते.

"ओढ," ती म्हणाली. "कुठलाही."

ओढला. आत पांढरं फूल, कागदाच्या झालरीत. आणि त्याच्याबरोबर टर्पेंटाइनचा लोट. दुसरा खण ओढला, तेच. बंद खणात रात्रभर कोंडलेलं ते तेल, आणि आत माझी फुलं, जी शेजारी कांदा चिरला तरी त्याचा वास धरतात. एक तोंडात टाकलं. रंगाचा ब्रश चोखावा तशी चव.

वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, "ताई, तू खाऊन बघ."

तिने खाल्लं. खाताना ती फुलाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "छान झालंय," म्हणाली. मग माझा चेहरा वाचून, "जरा जास्त गोड?"

तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर ही बाई माझ्या चेहऱ्याने चव घेत होती.

"ताई, तुला वास येत नाही."

ती खोक्यावर बसली. "किती खराब आहे?" तिने विचारलं.

"फार."

"सगळी?"

"खणातली सगळी."

तिने उघडा खण आत लोटला. मग म्हणाली, हिवाळ्यात तो ताप आला होता ना, त्यानंतर. एक दिवस उठले तर चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. वाटलं, पत्ती जुनी असेल. दोन डबे पत्ती फेकली. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणतात, परत येईल कदाचित, नाही येणार कदाचित.

"म्हणजे त्या खिडकीपाशी तुम्ही..."

"त्या म्हणत होत्या, मुलीला सांगा."

"मला वाटलं भाचीचं स्थळ आहे. मी तिला निळा ड्रेस घालायला लावलाय."

ताई माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. अशी हसली की खोकं करकरलं. मीही हसले, काय करणार. रडायला वेळ नव्हता, पाहुणे चहाला यायचे होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही मला घरी बसवलं असतं."

काल रात्रीचं 'बसवूया'चं पान वहीसकट माझ्या पिशवीत होतं.

तेवढ्यात भाची आली, निळ्या ड्रेसमध्ये, आणि दारातूनच म्हणाली, "आई, हा कसला वास?" मी तोंड उघडलं, पण ताईने हात वर केला. स्वतः सांगितलं. दोन वाक्यांत, गणिताचं उत्तर सांगावं तसं. भाची ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणून ते गॅसचं डबडं," आणि खाली बसून आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "मी तुला विसराळू समजत होते गं."

"बरं झालं," ताई म्हणाली. "विसराळू माणसाला जरा तरी मान असतो. ऊठ, ड्रेस चुरगळेल."

कपाट मागच्या अंगणात ढकललं. खणातलं सगळं बाद. डब्यांतलं निम्मं शिल्लक होतं, पण मांडायचं कुठे? हॉलच्या मध्यभागी आता नुसती रिकामी जागा, पडलेल्या दातासारखी. भाची म्हणाली, टेबल लावून मोकळे होऊ. मी हो म्हणणार होते.

ताई उठली. हॉलभर नजर फिरवली. एका कोपऱ्यात, पडद्यामागे, गाणाऱ्यांना उभं राहायच्या लाकडी पायऱ्या होत्या, रंगमंचाच्या. ताईने पडदा बाजूला केला, कमरेवर हात ठेवले, आणि थेट सिस्टरच्या आवाजात म्हणाली, "उंच मागे, बुटके पुढे. मधली रांग, हात मांडीवर. कुणी हलायचं नाही."

वर्गाचा फोटो. पायऱ्यांवर पांढरं कापड पसरलं. मागच्या रांगेत जेलीचे उंच पेले. त्यांच्यापुढे लिंबाच्या कस्टर्डच्या बरण्या, गोल चेहऱ्यांच्या. पुढे केक, आणि अगदी जमिनीजवळ, मांडी घालून बसल्यासारख्या, चॉकलेटच्या वड्या. उरलेली पांढरी फुलं ताईने अधूनमधून पेल्यांवर ठेवली, केसांत रिबीन असावी तशी. एका केकला तिने शेवटी जरा तिरकं बसवलं.

"हा का वाकडा?"

"प्रत्येक फोटोत एक असतोच."

मी प्रत्येक डब्यातला एकेक घास चाखत सुटले. "हे ठीक. हे ठीक. ही बरणी बाजूला काढ, दाट झालीय." ताई लावत गेली, मी चाखत गेले. भाची दोघींमधून ट्रे नेत होती, आणि मध्येच मला म्हणाली, "तुम्हाला दोघींना असं काम करताना मी किती दिवसांनी बघतेय."

पाहुणे आले. सुपाची शिडी रिकामी झाली, पावांच्या फळीवर माणसं सुरी एकमेकांना देत गप्पा मारत उभी राहिली, पॅनकेकच्या तव्यापुढे गर्दी. पण खरी मजा पायऱ्यांपाशी. पहिला तास कुणी काही उचलेचना. फोटोसमोर उभं राहून फोटो काढत होते. एक म्हातारे गृहस्थ काठीवर वाकून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तो मागच्या रांगेतला तिसरा आमचा मुख्याध्यापक दिसतो." आणि त्यांनी नेमका तोच पेला मागितला. मग मात्र झुंबड उडाली. ज्याला त्याला वाकडा केक हवा. ताई पडद्याआड वाकडे केक तयार करून पाठवत होती.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "कळलं वाटतं तुम्हाला."

"उशिरा," मी म्हटलं. "तुमच्या नात्यात कुणी लग्नाचा मुलगा आहे का?"

"नाही. का?"

"काही नाही. असता तर बरं झालं असतं, ड्रेस घातलाच आहे."

हॉलचे व्यवस्थापक निघताना भाचीला विचारत होते, ही पायऱ्यांवरची मांडणी पुढच्या समारंभालाही करून द्याल का. भाची म्हणाली, आईला विचारून सांगते.

गाडीत सामान चढवताना तिने मला गाठलं. "मावशी, तू सांगणार होतीस."

"ओट्यावर मी. मांडणीला ती. आणि ती शेगडीपाशी एकटी असणार नाही, तेवढं आपण बघायचं."

"आणि तो स्वयंपाकी?"

"त्याला सांग, जागा भरली."

भाचीने मान डोलावली. डोळे पुसले आणि म्हणाली, ड्रेसला जेली लागलीय, त्याने डोळे चुरचुरताहेत. जेलीने डोळे चुरचुरत नाहीत. पण या घरात खरं कारण लगेच सांगायची पद्धत नाही, हे मला आज कळलंय.

आता पाणी गार झालं. पुढचं भाचीसाठी लिहितेय. पोरी, उद्या सकाळी तू येशील तेव्हा मी झोपलेली असेन, उठवू नकोस. वही या पानावर उघडी ठेवते, मागची पानं चाळू नकोस. उरलेले डबे फ्रीजमध्ये आहेत. कुणाचं काय ते लिहिते.

सूप आणि पाव हॉलच्या पहारेकऱ्याला. त्याने कपाट ढकलायला हात दिला, आणि नाकावर रुमालही धरला नाही.

लिंबाच्या कस्टर्डच्या दोन बरण्या डॉक्टरीणबाईंना. चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

सुताराला लहान केकांचा मोठा डबा. त्याची काही चूक नाही. तो म्हणत होता म्हणे, बाई, वास जायला आठवडा लागेल, आणि ताई त्याला म्हणाली, वास कुठाय? तो बिचारा घाबरून गप्प बसला. कपाटही त्याच्याकडे ठेव, खण उघडे टाकून, पावसाळ्यापर्यंत.

पॅनकेकचं उरलेलं पीठ तुझं. गोड कमी आहे, मध घाल.

खणातली खराब फुलं कुणालाच नको. ती ताईला स्वतः टाकायचीत. टाकू दे.

कढवलेल्या साखरेच्या पातळ काचा निळ्या डब्यात आहेत, त्या ताईच्या. दाताखाली कडकडा वाजतात, म्हणून ठेवल्या. लिंबाच्या रसाचं बर्फही तिचंच, झोंबतं आणि गार लागतं म्हणून. पण हे तिच्या हाती देऊ नकोस, माझ्या टेबलावर ठेव, दोन चमचे घालून. ती वर येईल, मी तिच्याबरोबर खाईन, आणि काय काय लागतंय ते तिला एकेक करून सांगेन.